चिल्लर तिकिटांची कैफियत

आमच्या घरात सध्या एका पत्र्याच्या ट्रंकेवरून दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षात सौभाग्यवती, चिरंजीव, कन्यारत्न, धाकटे बंधू, बँकेतले सहकारी आणि फोर्टातला एक तिकीटविक्रेता अशी मातब्बर मंडळी आहेत. दुसऱ्या पक्षात मी आहे. ट्रंक तटस्थ आहे.

ट्रंक माझ्या वडिलांची. वडील दाभोशाच्या शाळेत मास्तर होते. दाभोसा जव्हार तालुक्यात येतं. पूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. दाभोसा म्हटलं की मुंबईच्या माणसाला लेंडी नदीवरचा धबधबा आठवतो. पावसाळ्यात मंडळी गाड्या घेऊन येतात, धबधब्यापुढे फोटो काढतात आणि ‘दाभोसा पाहिलं’ म्हणून परत जातात. धबधब्याच्या अलीकडे एक गाव आहे, तिथे माणसं राहतात, नाचणी-वरईची शेतं आहेत, शाळा आहे, हे त्यांच्या फोटोत येत नाही. नजर नेहमी उंचावरून पडणाऱ्या गोष्टीकडेच जाते. असो. त्या विषयावर पुढे यायचंच आहे.

तर वडिलांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता. दाभोशासारख्या ठिकाणी तिकिटं जमवणं म्हणजे वाळवंटात मासेमारी. स्वतःला येणारी पत्रं महिन्याला चार. त्यामुळे वडील जव्हारला गेले की कचेऱ्यांतून हिंडून रिकामी पाकिटं मागून आणायचे. मास्तरांना पिशवी घेऊन येताना पाहिलं की कारकून मंडळी कचऱ्याची टोपली पुढे करीत. रविवारी दुपारी परातीत पाणी घ्यायचं, पाकिटांचे कोपरे त्यात सोडायचे, तिकीट आपण होऊन कागदापासून सुटलं की ते उचलून वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं. ओढायचं नाही. ‘ओढलंस की फाटलं,’ वडील सांगत. हे वाक्य त्यांनी मला पुढे आयुष्यात इतर अनेक बाबतींत ऐकवलं, पण मूळ संदर्भ तिकिटांचा.

वडील गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. मी बँकेतला माणूस, माल ताब्यात घेतला की आधी मोजतो. तिकिटं भरली सात हजार चारशे बारा. खात्रीसाठी पुन्हा मोजली, ती भरली सात हजार चारशे नऊ. तिसऱ्यांदा मोजायला बसलो तेव्हा घरातून जो आवाज आला, तो ऐकून तीन तिकिटांचा फरक मी सस्पेन्स खात्यात टाकला आणि जेवायला उठलो.

या सात हजारांत दोन जाती होत्या. एक उच्चवर्णीयांचा आल्बम. त्यात कोरी, न वापरलेली, मागच्या गोंदासकट जपलेली स्मारक तिकिटं. ती वडिलांनी पगारातून पैसे वाचवून घेतलेली. आणि उरलेली सगळी चिल्लर: बिस्किटांच्या डब्यांत, खाकी पाकिटांत, विड्यांच्या बंडलासारखी दोऱ्याने बांधलेली शंभर-शंभराची पुडकी. पत्रावर रोज लागणारी, पोस्टाने धाडकन शिक्का मारलेली, नाशिकरोडच्या छापखान्यात रतिबाने छापली जाणारी. नाशिक आमच्या जव्हारहून मोखाडा-त्र्यंबकमार्गे तसं जवळच. पण ती तिकिटं तिथून निघायची, हिंदुस्थानभर फिरायची आणि कुणाच्या तरी खुशालीवर बसून डोंगर चढत पुन्हा आमच्या शेजारी यायची.

जव्हारच्या पावसाने या दोन जातींचा निकाल कसा लावला पाहा. तिथे चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि मिठाला पाझर. त्या दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा गोंद जागा झाला. एकेक मानकरी शेजारच्या मानकऱ्याला असा चिकटला, की आल्बमचा पार खरवस झाला. शौकिनांच्या बाजारात गोंद बिघडला की कोऱ्या तिकिटाची पत गेली. आणि चिल्लर? तिचा गोंद वडिलांच्या परातीत कधीच धुऊन गेला होता. ती सुटी, खडखडीत, जशीच्या तशी. एकदा भिजून गेलेल्याला पुढच्या पावसाचं भय नसतं.

आता या चिल्लरचं करायचं काय, असा प्रश्न आहे.

पहिला सल्ला फोर्टातल्या विक्रेत्याचा. त्याने आल्बम पाहून ‘अरेरे’ म्हटलं आणि डबे पाहून काहीच म्हटलं नाही. मग काट्याकडे बोट दाखवलं. ‘कॉमन आहेत. किलोवर जातील.’ मी म्हटलं, ‘किलोवर? रद्दीसारखी?’ तो म्हणाला, ‘रद्दीपेक्षा थोडा बरा भाव देईन.’ हे त्याने अतिशय अदबीने सांगितलं. अपमान अदबीने केला की दोनदा लागतो.

माझं भांडण त्या भल्या माणसाशी नाही. तो धंदा करतो. भांडण आहे ते त्याच्या काट्याशी, कारण तो काटा आता घराघरांत जाऊन बसला आहे. ज्याला भाव नाही त्याला अर्थ नाही, असं हा काटा सांगतो. हे म्हणणं किती कच्चं आहे, ते एका सरळ उदाहरणाने दाखवतो.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी आपल्या सरकारने गांधीजींची चार तिकिटं काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. चारही स्वित्झर्लंडमध्ये छापलेली. त्यातल्या दहा रुपयांच्या शंभर प्रतींवर ‘सर्व्हिस’ असा शब्द वरून छापून त्या गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी दिल्या. तशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. दीड आण्याचं तिकीट मात्र लोकांनी पत्रांना लावलं, आणि ते आजही माझ्यासारख्या कारकुनाला परवडतं. आता तुम्हीच सांगा, तिसऱ्या वर्गाने प्रवास करणाऱ्या त्या म्हाताऱ्याला यांतलं कोणतं तिकीट आपलं वाटलं असतं? लाट साहेबांच्या दप्तरातलं, की खेड्यातल्या बाईने मुलाला लिहिलेल्या पत्रावरचं? काटा याचं उत्तर देऊ शकत नाही. काट्याला फक्त किती शिल्लक राहिली एवढंच कळतं, किती कामाला आली ते कळत नाही.

दुसरा सल्ला चिरंजीवांचा. ते वाणिज्य शाखेलाच आहेत, त्यामुळे मला घरातही शाखाधिकारी असल्यासारखं वाटतं. त्यांचं म्हणणं, ‘बाबा, विकू नका. ठेवून द्या. पन्नास वर्षांनी याच तिकिटांना सोन्याचा भाव येईल. लाँग टर्म बघायचं.’ वरवर हा माझ्या बाजूचा वाटतो, पण हा विक्रेत्याचाच धाकटा भाऊ आहे. त्याला आज भाव हवा, याला पन्नास वर्षांनी हवा. काटा तोच.

चिरंजीवांना मी अमेरिकेचं उदाहरण दिलं. न्यू जर्सीत माझी मावसबहीण असते. तिच्या मुलाने बेसबॉलची कार्डं जमवली आहेत. बेसबॉल हा आपल्या विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ. तिथे च्युइंगमच्या पुड्यात खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं मिळत. मोठ्या खेळाडूचं एक कार्ड मिळेपर्यंत पोराकडे फालतू खेळाडूंची पन्नास जमायची. या पन्नासांना तिथेही ‘कॉमन’च म्हणतात, आणि त्यांचं काय करावं, हा तिथल्याही घराघरांतला तंटा आहे. पूर्वीची पोरं ती सायकलच्या चाकाच्या तारांत अडकवून फटफटीसारखा आवाज काढीत. मला तो उपयोग फार थोर वाटतो.

टॉप्स नावाची कंपनी ही कार्डं काढायची. तिच्याकडे १९५२ सालची बरीच कार्डं पडून राहिली. कुणी फुकटही घेईना. शेवटी १९६० साली ती तराफ्यावर लादून समुद्रात नेऊन बुडवली, अशी हकीकत कंपनीचे साय बर्गर स्वतः सांगत. त्याच १९५२ च्या मालेतलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेलं. हे ऐकून चिरंजीवांचे डोळे चमकले. ‘बघा! मी काय म्हणत होतो?’

‘पुढचं ऐक,’ मी म्हटलं. अशा बातम्या वाचून १९८० नंतर तिथे लहानथोर सगळेच कार्डं साठवायला लागले. कंपन्यांनीही अमाप छापली. कुणी च्युइंगम खाल्लं नाही, कुणी सायकलला कार्ड लावलं नाही. सगळ्यांनी प्लास्टिकच्या वेष्टनात घालून माळ्यावर ठेवली. आणि सगळ्यांनीच ठेवल्यामुळे आज त्यांना कुणी विचारीत नाही. माझ्या भाच्याच्या तळघरात अशी खोकी आहेत. ज्या पिढीने कार्डं उधळली तिची कार्डं महाग झाली. ज्या पिढीने भावासाठी जपली तिला भावही नाही आणि खेळही नाही. पोरासारखं पोर असून ज्याने खेळायची वस्तू खेळली नाही, त्याच्या बुडीत खात्याची वसुली कुठली बँक करणार?

चिरंजीव म्हणाले, ‘म्हणजे फेकून द्यायची?’ हा तिसरा सल्ला, आणि तो सौभाग्यवतींचा आहे. ट्रंकेच्या जागी त्यांना शिवणयंत्र ठेवायचं आहे. ही मागणी रास्त आहे, हे मी लेखी द्यायला तयार आहे. कन्येचा एक उपसल्ला आहे. तिने कुठेतरी पाहिलं, की जुनी तिकिटं दिव्याच्या शेडवर चिकटवली की ‘व्हिंटेज लुक’ येतो. आजोबांच्या चाळीस वर्षांच्या रविवारांचा लुक येण्यासाठी त्यावर वॉर्निश मारायचं. मी नाही म्हटलं. त्यावर दोन दिवस अबोला झाला. बँकेतल्या सहकाऱ्याने तर एका शब्दात निकाल दिला: ‘एनपीए आहे. राइट ऑफ कर.’

या तिघांना उत्तर म्हणून मी ट्रंकेतलं सर्वांत फालतू तिकीट काढून टेबलावर ठेवलं. पाच पैशांचं. असली वडिलांकडे चारशेच्या वर आहेत. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले. त्यांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायचा नियम झाला. तिकीट छापायलाही सवड नव्हती. म्हणून आधी कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘रेफ्युजी रिलीफ’ असा शिक्का छापून ते चालवलं, मग डिसेंबरात वेगळं तिकीट आलं. मार्च १९७३ अखेरपर्यंत हे पाच पैसे चालू होते. कुणी मुलीच्या लग्नाची बोलणी कळवली, कुणी नोकरीचा अर्ज धाडला, कुणी भावाशी जमिनीवरून भांडण केलं, आणि प्रत्येकाने कोपऱ्यात पाच पैसे न पाहिलेल्या माणसाच्या भाकरीसाठी चिकटवले. आता या तिकिटाला भाव का नाही? तर ते फार लोकांनी लावलं म्हणून! ते थोड्याच लोकांनी लावलं असतं, तर आज दुर्मिळ झालं असतं, लिलावात गेलं असतं, आणि निर्वासित उपाशी राहिले असते. भाव नसणं हाच या तिकिटाचा मोठेपणा आहे. ते राइट ऑफ करायचं असेल, तर करणाऱ्याने आधी त्याच्याकडे नीट पाहावं.

टेबलावर थोडा वेळ शांतता होती. मग सौभाग्यवती म्हणाल्या, ‘हे सगळं खरं. पण ट्रंक कुठे ठेवणार?’

वाचकहो, इथे माझा वाद संपला. कारण वादात जिंकूनही ट्रंक तिथेच होती. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की चार महिने मी एवढा भांडतोय, पण मीही ती तिकिटं डब्यातच ठेवली आहेत. विक्रेत्याने वजन केलं, मी मोजणी केली. फरक तो काय?

मग आठवलं, वडील या चिल्लरचं काय करीत. ती ते जमवत होते कुणासाठी? शनिवारच्या सकाळच्या शाळेत ते एक पुडकं घेऊन जात. बरोबर उत्तर दिलं की एक तिकीट. चुकलं तर दोन, कारण ‘चुकणाऱ्याला जास्त बघायची गरज असते’. त्या वेळी शेतीच्या चित्रांची नित्याची तिकिटं निघत. रुपयाच्या तिकिटावर कापूस, पाच रुपयांच्या तिकिटावर रबराचा चीक काढणारा माणूस, पन्नास पैशांवर दुधाचा धंदा, पंचवीस पैशांवर अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू. रबराचं झाड दाभोशात कुणी पाहिलेलं नाही. त्या तिकिटावरून वडील पोरांना केरळपर्यंत नेऊन आणीत. पिल्लाचं तिकीट दाखवलं तेव्हा एक पोरगी म्हणाली होती, ‘गुरुजी, हे तर आमच्याकडे रोजच होतं. याचं तिकीट कशाला?’ वडील हे पुढे कित्येक वर्षं सांगत. ‘मला उत्तर देता आलं नाही,’ म्हणत. ‘रोज होतं म्हणूनच, एवढं तरी सांगायला हवं होतं.’

तेव्हा मी निर्णय घेतला. ज्यांच्या चिल्लर तिकिटांचा, कार्डांचा, काड्यापेटीच्या छापांचा असाच तंटा असेल, त्यांच्यासाठी तो नियमावलीच्या भाषेत लिहून ठेवतो. किलोवर विकू नका. भावासाठी अडवून ठेवू नका. दिव्याला तर चिकटवूच नका. एकेक नग पाहा. अख्खं पाकीट असेल आणि त्यावर गावाचा शिक्का स्वच्छ उठला असेल, तर तिकीट सोडवू नका, पाकीट राहू द्या. आपल्यासाठी मूठभर ठेवा. बाकीची ज्या वयात चुकलं तरी दोन मिळतात, त्या वयाच्या माणसांना वाटून टाका. पोतं ओतून नव्हे, मोजून, हातात.

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी पुडकी घेऊन दाभोशाच्या शाळेत गेलो. प्रत्येकाच्या हातात पंचवीस तिकिटं दिली. पहिली प्रतिक्रिया निराशेची. एका मुलाने तिकीट वहीवर दाबून पाहिलं आणि तक्रार केली, ‘हे स्टिकर चिकटतच नाही.’ दुसऱ्याने विचारलं, ‘यावर शाई कुणी सांडली?’ शिक्का म्हणजे काय, पत्र म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागली. मी केरळला जायच्या तयारीने गेलो होतो, माझी गाडी जव्हारच्या पोस्टातच अडली.

पण ती अडली हे बरंच झालं. कारण शिक्क्यात गावाचं नाव असतं, हे कळल्याबरोबर सगळी डोकी तिकिटांवर वाकली. पुणे सापडलं. नाशिक सापडलं. ठाण्याची तर रास निघाली. आणि मागच्या रांगेतली एक मुलगी एकदम ओरडली, ‘जव्हार!’ पिल्लाच्याच तिकिटावर, गोल शिक्का अगदी मधोमध, अक्षर न् अक्षर लागलेलं. सगळा वर्ग तिच्याभोवती. एकजण तीन ठाणी द्यायला तयार झाला. दुसरा पाच. कुणी कापूस आणि रबर एकत्र देऊ केलं. दहा मिनिटांपूर्वी ज्याला कुणी स्टिकरसुद्धा मानत नव्हतं, त्याचा लिलाव चालू झाला. फोर्टातल्या त्या भल्या माणसाने हे पाहायला हवं होतं. काटा नव्हता, कॅटलॉग नव्हतं, फक्त आपल्या गावाचं नाव होतं.

मी जवळ जाऊन पाहिलं आणि चपापलो. शिक्क्यातली तारीख मला ओळखीची वाटली. वडिलांची मोखाड्याला झालेली बदली रद्द झाली आणि आम्ही दाभोशातच राहिलो, त्या आठवड्यातली. त्या हुकमाच्या पाकिटावरचंच ते तिकीट असेल, असं नाही. पण असेलही. सात हजार चारशे तिकिटं मी दोनदा मोजली होती, त्यातलं हे एक मला दिसलं नव्हतं.

मी त्या मुलीला म्हटलं, ‘बाळ, हे मला देतेस? मी तुला दहा देतो.’

तिने मान हलवली.

‘वीस?’

नाही.

‘आख्खं पुडकं घे. शंभर आहेत.’

तिने पुडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकीट वहीत घालून वहीवर बसली. ‘तुमच्याकडं लई आहेत,’ ती म्हणाली. ‘माझ्याकडं हे एकच आहे.’

बावीस वर्षं बँकेत काढली, पण इतकं स्पष्ट नकारपत्र कुठल्या साहेबाने दिलं नव्हतं. मी बाकीची तिकिटं वाटली, चहा घेतला, जव्हारची गाडी धरली. ट्रंकेच्या जागी आता शिवणयंत्र आहे. हिशेबात जव्हारचं एक तिकीट कमी आहे, पण ते मी सस्पेन्सला टाकलेलं नाही. ते कुणाकडे आहे, मला पक्कं ठाऊक आहे.